खाल्लेलं अंगी लागत नाही

आमच्या गिरगावातल्या चाळीत सामाईक नळाच्या तोटीला फडकं बांधलेलं असायचं. आजोबांच्या जुन्या धोतराचं, दुहेरी घडीचं, सुतळीने करकचून आवळलेलं. ते बदलायचं काम आम्हा मुलांकडे. का बांधायचं असं विचारलं की आजी म्हणायची, "नारू होतो." नळाच्या पाण्यातून नारू येत नाही हे तिला कुणीतरी सांगितलंही असेल, पण ती देशावरची, पायविहिरीचं पाणी पिऊन वाढलेली. फडकं राहिलंच.

पुढे जीवशास्त्र शिकताना कळलं की ते फडकं नारूची अळी अडवण्यासाठी नव्हतंच. अळी केसाहून बारीक, ती कापडातून सहज सुटली असती. फडकं अडवत होतं तिच्या वाहनाला. सायक्लॉप्स नावाचा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, एकाच डोळ्याचा प्राणी असतो. अळी त्याच्या पोटात वाढते आणि पाण्याबरोबर तो आपल्या पोटात गेला की मग नारू. पाणी गाळून पिण्याची सवय गावोगावी रुजवली गेली, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला आणि सायक्लॉप्सला आपण सगळे विसरून गेलो.

मी विसरलो नाही, कारण पुढची पंचवीस-तीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवून पोट भरलं. तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि एखादा सायक्लॉप्स झटक्यासरशी इकडून तिकडे उडाला, की वर्गातलं सगळ्यात वांड पोरही गप्प होऊन बघत बसतं. हा अनुभव कधी चुकला नाही. हा सायक्लॉप्स आणि त्याचे भाऊबंद विषारी शैवाल खातात तेव्हा त्यांचं काय होतं, ते आज सांगायचं आहे.

सायक्लॉप्स ज्या गोतावळ्यातला, त्याचं नाव कोपेपॉड. ग्रीक शब्द, अर्थ 'वल्ह्यासारखे पाय असलेला'. झिंगा, खेकडा, शेवंड यांचे हे लांबचे नातेवाईक, कवचधारीच, पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचे. समुद्रात यांची संख्या एवढी अफाट आहे की पृथ्वीवर सर्वांत जास्त संख्येने असलेल्या प्राण्यांत त्यांची गणना होते. गोड्या पाण्यात त्यांच्या जोडीला डाफ्निया असतो, म्हणजे पाण्यातली पिसू. घरी शोभेचे मासे पाळणाऱ्यांना तो ठाऊक असतो. त्याचं कवच इतकं पारदर्शक की आत धडधडणारं हृदय बाहेरून मोजता येतं. दोघांचाही मुख्य धंदा एकच: पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती, म्हणजे शैवाल, चरणं. कुरणात गुरं तसे पाण्यात हे.

यांच्याशी आपला काय संबंध, असं मुंबईकराने विचारू नये. आपण कांदा घालून परतून खातो तो जवळा या कोपेपॉडांवर वाढतो. जवळ्यावर बोंबील वाढतो. आणि बोंबलावर कोण वाढतं ते सांगायची गरज नाही.

आता शैवालाच्या बहराकडे येऊ. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरसचं खत जास्त झालं, ऊन मिळालं, पाणी थोडं स्थिर राहिलं, की एखाद्या जातीचं शैवाल भराभर वाढून सगळं पाणी व्यापतं. पाणी हिरवं, तपकिरी, कधी तांबडं दिसतं. खत समुद्राच्या तळातून वर येणाऱ्या पाण्यानेही मिळतं आणि शहरांच्या सांडपाण्यानेही. पवई तलावाच्या काठाने फिरणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १८९१च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव, आणि आज त्याचं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही. सांडपाणी हेच त्याचं खत. बहुतेक बहर बिनविषारी असतात हेही सांगायला हवं. समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे तरंगत्या शैवालांच्या, सुमारे ५,००० ज्ञात जातींपैकी विष तयार करणाऱ्या शे-दोनशेच. पण त्या शे-दोनशे पुरेशा आहेत.

इथे आपला एक समज आड येतो. विष म्हटलं की आपल्याला मरण दिसतं. विषारी शैवाल खाल्लं, कोपेपॉड मेला, संपलं. तसं क्वचितच होतं. माणसाला काही तासांत लुळं करणारं विष पोटात घेऊनही काही कोपेपॉड दिवसेंदिवस पोहत असतात. म्हणून बरीच वर्षं असंही वाटत होतं की यांना फारसं काही होत नाही. होतं, पण ते मरणाच्या नोंदीत दिसत नाही. ते दिसतं जमाखर्चात.

एका कोपेपॉडचा संसार बघा. जमेच्या बाजूला एकच रकमेचं नाव, अन्न. खर्चाच्या बाजूला श्वास, पोहणं, मोठं होताना दर थोड्या दिवसांनी कात टाकणं, शरीराची डागडुजी, आणि मादी असेल तर अंडी. उरलंसुरलं चरबी म्हणून शिल्लक. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला कॅलॅनस नावाचा कोपेपॉड शरीरात तेलाची पिशवीच बाळगतो. हिवाळ्यात तो खोल पाण्यात जाऊन महिनोन्‌महिने न खाता काढू शकतो. म्हणजे बँकेत मुदत ठेव असलेला माणूस. आपल्या किनाऱ्यावरचे अकार्शिया, पॅराकॅलॅनस हे लहान चणीचे. पाणी उबदार, त्यामुळे शरीराची भट्टी कायम पेटलेली. उबदार पाण्यातल्या काही लहान जाती दिवसभरात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं खातात, आणि चरबी जवळपास नाहीच. हातावर पोट. अशाची एक दिवसाची रोजी बुडाली तर काय होतं ते मुंबईत वेगळं सांगायला नको. विषारी बहर या हातावर पोट असलेल्याच्या खिशात नेमका कुठे हात घालतो, एवढंच समजून घ्यायचं आहे.

पहिला हात जमेच्या बाजूला. पण त्याआधी हे जीव खातात कसे ते बघायला हवं, कारण ते आपल्या कल्पनेपेक्षा फार वेगळं आहे. मिलिमीटरभर देहाला पाणी हे पाणी नसतं, काकवी असते. आपण पोहताना हात मारला की पुढे सरकत राहतो. कोपेपॉडने पाय हलवायचं थांबवलं की तो तिथल्या तिथे थांबतो. पायांवर कंगव्यासारखे केस असतात. पूर्वी वाटायचं की हा कंगवा म्हणजे चाळण, पाणी त्यातून जातं आणि शैवाल अडकतं. १९८०च्या सुमारास अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केल्यावर दिसलं की पाणी इतकं चिकट वागतं की ते केसांमधून फारसं जातच नाही. पाय चाळणीसारखे नव्हे, वल्ह्यासारखे चालतात. कोपेपॉड पाण्याचा एक प्रवाह स्वतःकडे ओढतो, त्यातून येणारा एकेक शैवालकण त्याला वासाने आणि स्पर्शाने आधीच कळतो, मग तो कण पकडतो, चाचपतो, आणि पटलं नाही तर फेकून देतो. बाजारात पाटीतला एकेक मासा उचलून कल्ले उघडून बघणारी बाई डोळ्यांसमोर आणा.

ही चोखंदळ वृत्ती कोपेपॉडला वाचवते. बहरात विषारी आणि बिनविषारी शैवाल मिसळलेलं असेल तर कित्येक जाती विषारी कण टाळतात. पण टाळणं फुकट नाही. प्रत्येक कण चाचपायला वेळ जातो, प्रवाह ओढायला ताकद लागते आणि पाटीतले दहापैकी नऊ मासे नासके निघाले तर रिकाम्या पिशवीने घरी जावं लागतं. समुद्र शैवालाने तुडुंब भरलेला आणि चरणारा उपाशी!

डाफ्नियाला तेवढीही चैन नाही. तो खरोखर गाळून खातो. पायांच्या चाळणीत जे येईल ते गोळा करून तोंडाकडे. गोड्या पाण्याच्या तळ्यांत नील-हरित शैवाल माजतं, त्यात मायक्रोसिस्टिस नावाचं कुप्रसिद्ध आहे. त्याच्या पेशी चिकट गोळ्यांत राहतात आणि त्या गोळ्यांनी डाफ्नियाची चाळण तुंबते. तुंबली की तो शरीराच्या मागच्या टोकाला असलेल्या आकडीने ती खरवडून साफ करतो. त्या भरात चांगलं अन्नही फेकलं जातं. पुन्हा गाळायचं, पुन्हा तुंबायचं, पुन्हा खरवडायचं. पावसाळ्यात नाल्याच्या तोंडाशी प्लास्टिक उपसणाऱ्या कामगाराची आठवण येते. दिवसभर राबून पाणी तेवढ्यापुरतंच मोकळं होतं.

समजा गोळा घशाखाली उतरला. तरी प्रश्न सुटत नाही. आमच्याकडे हडकुळ्या पोराबद्दल म्हणतात ना, 'खातो भरपूर, पण खाल्लेलं अंगी लागत नाही', अगदी तसं. मायक्रोसिस्टिसच्या काही वाणांत असे पदार्थ असतात जे डाफ्नियाच्या आतड्यातली प्रथिनं फोडणारी पाचकद्रव्यं बंद पाडतात. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही तीच पाचकद्रव्यं, जी आपल्याही पोटात असतात. अन्न आत जातं, न पचता बाहेर पडतं. शिवाय नील-हरित शैवाल मुळातच निकस. कवचधारी प्राण्यांना कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, त्यासाठी लागणारा कच्चा माल अन्नातूनच यावा लागतो. पेशीचं पातळ आवरण त्याशिवाय नीट उभं राहत नाही आणि कात टाकण्याचा संदेश देणारं संप्रेरकही त्यापासूनच बनतं. नील-हरित शैवालात तो माल जवळपास नसतोच. अंड्यांसाठी लागणारी लांब साखळीची मेदाम्लंही नसतात. म्हणजे एकीकडे डॉक्टर आपल्याला कोलेस्टेरॉल कमी करा म्हणतात, आणि हिरव्यागार तळ्यात बसलेला डाफ्निया त्याच्यावाचून खुरटतो.

मग येतं खरं विष, मायक्रोसिस्टिन. पेशीच्या आत प्रथिनांना फॉस्फेटचं टोक जोडणं आणि काढणं हा चालू-बंदचा खेळ सतत सुरू असतो. जोडणारे वेगळे, काढणारे वेगळे. मायक्रोसिस्टिन काढणाऱ्यांना पकडून ठेवतं. चालू झालेली बटणं मग बंदच होत नाहीत. पेशीचा सांगाडा विस्कटतो. माणसात आणि गुरांत याचा मार यकृतावर बसतो. डाफ्नियात तो आतड्यावर आणि हालचालीवर दिसतो, पाय मंदावतात आणि पाय मंदावले की गाळणं थांबतं.

या विषाला उत्तर आहे. ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू मायक्रोसिस्टिनला चिकटवायचा आणि त्याला पाण्यात विरघळणारं करून बाहेर काढायचं. हे काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, डाफ्नियातही आहे, आपल्यातही आहे. पण ग्लुटाथायोन बनतो तीन अमिनो आम्लांपासून, आणि अमिनो आम्लं येतात पचलेल्या प्रथिनांतून. ज्याचं पचनच बंद पाडलंय त्याने हा खर्च भागवायचा कुठून? इथे वहीच्या दोन्ही बाजू एकत्र येतात. जमा घटली त्याच दिवशी औषधाचा खर्च वाढला.

संशोधकांपुढेही इथे एक गाठ होती. विषारी शैवालाच्या भांड्यात ठेवलेला कोपेपॉड वाढला नाही, अंडी कमी घातली, तर तो विषाने खंगला की उपासाने? दोन्हींचा शेवट बाहेरून सारखाच दिसतो. ती सोडवायची रीत मला फार आवडते, कारण त्यात यंत्रांपेक्षा अक्कल जास्त लागते. एका भांड्यात नुसतं पाणी, दुसऱ्यात चांगलं अन्न, तिसऱ्यात नुसतं विषारी, आणि मग चांगलं व विषारी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेली आणखी काही भांडी. विषारी भांड्यातला कोपेपॉड उपाशी भांड्यातल्यासारखाच वागला, तर ते शैवाल फक्त निकस. उपाशीपेक्षाही वाईट झाला, तर विष. आणि चांगलं अन्न मिसळल्यावर, ते जितकं मिळतंय त्या मानाने तब्येत सुधारत गेली, तरी दोष निकसपणाचा. या रीतीने पाहिलं तर उत्तर प्रत्येक जोडीला वेगळं येतं. तेच शैवाल एका जातीला विष, दुसरीला नुसता उपास. 'विषारी शैवाल घातक आहे' हे वाक्य कुणाला, किती, कशासोबत हे सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं.

समुद्रात मज्जातंतूंवरचा मार जास्त रंगतदार आहे. रंगतदार म्हणजे वाचणाऱ्याला, सोसणाऱ्याला नव्हे.

कोपेपॉडचं खरं शस्त्र म्हणजे उडी. माशाचं तोंड उघडलं की पाण्यात दाब बदलतो, तो बदल डोक्यावरच्या मिशांसारख्या शृंगिकांवरच्या केसांना कळतो आणि दोन-तीन मिलिसेकंदांत कोपेपॉड उडी घेतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या पन्नासपट वेळ लागतो. एका सेकंदात स्वतःच्या शरीराच्या काही शेपट अंतर कापण्याइतका तो वेग असतो. एवढ्या वेगासाठी काही जातींच्या मज्जातंतूंना वायरीला असतं तसं वेष्टन असतं, मायेलिन. हे आपण पाठीचा कणा असलेल्यांचीच मिरास समजत होतो. मज्जातंतूतला संदेश म्हणजे सोडियमचे दरवाजे उघडणं आणि बंद होणं. लोकलच्या डब्यांची दारं एकामागून एक उघडत जावीत तशी लाट पुढे जाते.

शैवालांची विषं नेमकी या दारांवर बसतात. अलेक्झांड्रियम नावाचं शैवाल सॅक्सिटॉक्सिन बनवतं, ते दार बाहेरून बुचासारखं बंद करतं. कारेनिया नावाचं ब्रेव्हेटॉक्सिन बनवतं, ते दार बंदच होऊ देत नाही. स्यूडो-निट्झ्शिया नावाचा डायाटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं एकपेशीय शैवाल, डोमोइक आम्ल बनवतो, ते मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहकाचं सोंग घेतं आणि खोट्या हाका मारत सुटतं.

यातून कोपेपॉडला काय होतं? कधी तो मंद होतो, कधी खाणं सोडतो. डोमोइक आम्ल खाल्लेला कॅलॅनस धोक्याची चाहूल लागूनही पूर्वीसारखी उडी घेत नाही. आणि सर्वांत अनपेक्षित म्हणजे अलेक्झांड्रियम खाल्लेला टेमोरा नावाचा कोपेपॉड मंद होण्याऐवजी जास्त वेगाने आणि जास्त सरळ रेषेत पोहायला लागतो. ऐकायला बरं वाटतं. पण कोपेपॉडचं नेहमीचं पोहणं मुद्दाम वेडंवाकडं, थांबत थांबत असतं, कारण सरळ आणि भरधाव जाणाऱ्याची शिकाऱ्याशी गाठ लवकर पडते. झिंगून रूळ ओलांडणाऱ्याचा वेग बघून कुणी त्याच्या तब्येतीचं कौतुक करत नाही. प्रयोगशाळेतल्या भांड्यात मासा नसतो, म्हणून तिथे हा कोपेपॉड जिवंत आणि उलट तरतरीत म्हणून नोंदला जाईल. समुद्रात तो संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी पोटात असेल.

आता अंडी. या भागाने मला स्वतःला सर्वांत जास्त चक्रावलं.

डायाटम हे समुद्रातलं उत्तम अन्न, वरणभातच म्हणा. पाठ्यपुस्तकांत साखळी तीच: डायाटम, कोपेपॉड, मासा. इटलीत नेपल्सला समुद्रकाठी जुनी संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं की काही डायाटम भरपूर खाणाऱ्या कोपेपॉड माद्या धडधाकट दिसतात, अंडीही घालतात, पण त्या अंड्यांतून पिल्लं बाहेरच येत नाहीत. आलीच तर वेडीवाकडी. विष आईला लागत नव्हतं, पोटातल्या पुढच्या पिढीला लागत होतं.

यामागची युक्ती स्वयंपाकघरात रोज घडते. आख्खा लसूण नाकाशी धरा, फारसा वास येत नाही. ठेचला की घमघमाट. कारण लसणात एक पदार्थ आणि त्याला फोडणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, ठेचल्यावर ते एकत्र येतात आणि तिखट रसायन तयार होतं. या डायाटमचंही तसंच. पेशी शाबूत असेपर्यंत काही नाही. कोपेपॉडने चावली की काही क्षणांत आतल्या मेदाम्लांपासून आल्डिहाइड तयार होतात, आणि वाढणाऱ्या गर्भाच्या पेशींचं विभाजन त्यांनी अडखळतं. चावलेला डायाटम तर मेलाच, पण चावणाऱ्याची पुढची पिढी घटली, म्हणजे उरलेल्या भावंडांचं फावलं. लगेच वाद पेटला. २००२ साली जगभरातल्या बारा ठिकाणच्या मोजणीत डायाटम भरपूर असतानाही अंडी नीट फुटताना दिसली. दोन्ही बाजूंचं खरं असू शकतं. भांड्यात एकाच अन्नावर ठेवलेली मादी आणि समुद्रात दहा प्रकारचं खाणारी मादी यांत फरक पडणारच. खानावळीत रोज एकच भाजी खाणाऱ्याला विचारा.

आणि शैवाल हे मुकाट सोसणारं गवतही नाही. स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं की पाण्यात कोपेपॉड आहेत याचा नुसता वास लागला, तरी अलेक्झांड्रियम आपलं विष वाढवतं. त्या प्रयोगांत अडीच पटीपर्यंत. हा वास म्हणजे कोपेपॉडच्या अंगातून पाण्यात सुटणारे काही स्निग्ध रेणू, ते पुढे ओळखलेही गेले. चरणारे जितके जास्त तितकं कुरण जहाल. म्हणजे कोपेपॉडचा एक खर्च त्याच्या स्वतःच्या असण्यानेच वाढतो.

मुंबईकराला बहराची आठवण आहे ती वेगळ्याच कारणाने. नोव्हेंबर २०२०मध्ये जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या तेव्हा टाळेबंदीला कंटाळलेलं अर्धं शहर मोबाइल घेऊन वाळूत उभं होतं. अशा चमकण्यामागे आपल्या किनाऱ्यावर बहुतेकदा नॉक्टिल्युका असतो. हा सॅक्सिटॉक्सिनसारखं विष बनवत नाही. पण कोपेपॉडसाठी तो तरीही वाईट पाहुणा. एक तर हा एकपेशीय जीव मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे कोपेपॉडच्या तोंडात मावत नाही. दुसरं, तो स्वतः डायाटम खातो, म्हणजे कोपेपॉडचंच ताट ओढतो. तिसरं, तो कोपेपॉडची अंडीही गिळतो. अंगात अमोनिया साठवतो, बहर सडला की तो पाण्यात उतरतो आणि सडताना पाण्यातला प्राणवायूही संपतो. इथे विष, उपास, गुदमरणं आणि चोरी असे चारही प्रकार एकाच वेळी. चमक मात्र सुंदर असते, हे मीही नाकारत नाही. मीही गेलो होतो.

विष वर चढतं का? चढतं. कोपेपॉड गिळलेल्या विषातलं बरंचसं बाहेर टाकतो, पण सगळं नाही. १९८७-८८च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या केप कॉडजवळ चौदा हंपबॅक देवमासे मेले. त्यांनी खाल्लेल्या बांगड्याच्या जातभाईंत सॅक्सिटॉक्सिन होतं. हा मासा शैवाल गाळत बसत नाही, तो कोपेपॉडसारखे तरंगते प्राणी खातो. माणसाच्या बाबतीत मात्र धोका बहुतेकदा कोपेपॉडमार्गे न येता शिंपल्यांतून येतो, कारण तिसऱ्या, कालवं, शिणाणे स्वतःच शैवाल गाळतात. १९९७च्या सप्टेंबरमध्ये केरळात विळिंजमला शिणाण्यांसारखे शिंपले खाऊन सात माणसं दगावली. सॅक्सिटॉक्सिन उकळून जात नाही, हे आमच्या घरच्या 'नीट शिजव म्हणजे झालं' या शास्त्राला मान्य नाही, पण खरं आहे.

एवढा मार खाऊन हे जीव टिकले कसे? काही शिकले. म्हणजे व्यक्ती शिकली नाही, वंश शिकला. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जिथे अलेक्झांड्रियमचा बहर वारंवार येतो तिथले अकार्शिया ते खाऊनही बऱ्यापैकी वाढतात, अंडी घालतात. जिथे तो येत नाही तिथून आणलेले त्याच जातीचे अकार्शिया ढेपाळतात. त्याच किनाऱ्यावरच्या एका शिंपल्यात तर सोडियमच्या दारातला एकच अमिनो आम्ल बदलल्याने बूच नीट बसेनासं झाल्याचं २००५ साली सापडलं.

सर्वांत सुरेख पुरावा मात्र चिखलातून आला. डाफ्निया वाईट दिवसांसाठी जाड कवचाची अंडी घालतो. ती तळाशी बसतात, वर दरवर्षी गाळाचा थर चढतो आणि काही अंडी कित्येक दशकं जिवंत राहतात. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियाच्या सीमेवर कॉन्स्टन्स नावाचं मोठं सरोवर आहे. १९६०-७०च्या दशकांत सांडपाण्यातल्या फॉस्फरसने ते हिरवं होत गेलं, नील-हरित शैवाल वाढलं. संशोधकांनी तळाच्या गाळातून थरांनुसार अंडी वेचली, प्रयोगशाळेत उबवली आणि प्रत्येक काळातल्या डाफ्नियांच्या पिल्लांना तेच नील-हरित शैवाल खाऊ घातलं. हे काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. सरोवर खराब होण्याआधीच्या थरांतल्या अंड्यांतून दोन्ही प्रकारचे निघाले, काहींना ते अन्न बऱ्यापैकी मानवलं, काही खुरटले. नंतरच्या थरांतून खुरटणारे जवळपास निघालेच नाहीत.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, मग ते खुरटणारे गेले कुठे?" मी फळ्यावर चिखलाचे थर काढत होतो. खडू तसाच धरून मी खालच्या थरावर बोट ठेवलं.